नळीतली हवा

डॉक्टरीणबाईंची दुरुस्त केलेली गाडी परत द्यायला ती आली होती. किल्ली देऊन निघणार, तोच पलीकडच्या अंगणातून स्टार्टरची घरघर ऐकू आली. परत परत, श्वासही न घेता. तिला राहवलं नाही. फाटक ढकलून ती सरळ आत गेली आणि गाडीच्या काचेवर टकटक केली.

"थांबा. असंच चालू ठेवलंत तर स्टार्टर जळेल."

आतल्या माणसाने दचकून किल्ली सोडली. घामाघूम झाला होता, पण चेहरा हसरा. गाडी म्हणजे चाकांवरचं घरच होतं – आत पलंग, छोटासा ओटा, खिडक्यांना पडदे. तो पियानोचे सूर लावून द्यायचा. गावोगाव फिरायचा, गाडीतच राहायचा. मग वडील आजारी पडले आणि गाडी दोन वर्षं शेडमध्ये उभी राहिली. आता वडील ठणठणीत होते आणि व्हरांड्यात बसून रोज विचारत होते, अरे, निघतोस कधी?

"मेकॅनिकला बोलावणारच होतो," तो म्हणाला.

"आलीय ना," ती म्हणाली आणि बाह्या वर सारल्या.

बॅटरी नवी होती, इंजिन फिरत होतं, पण सायलेन्सरमधून धुराचा पत्ता नव्हता. म्हणजे डिझेलच पोहोचत नाही, तिने ओळखलं. फिल्टर उघडला तर पाणी आणि काळा गाळ. जुनं डिझेल काढणं, टाकी साफ करणं, नवा फिल्टर बसवणं – यातच संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली. तो मदतीला होताच. काम करताना ती गुणगुणत होती.

"गुणगुणताना तुम्ही एक सूर नेमका चुकवता, माहीत आहे?"

"तुम्ही पाना उलटा धरलाय, माहीत आहे?"

व्हरांड्यातून वडील खो खो हसले.

पण गाडी काही चालू होईना. इंजिनावरचा डिझेलचा छोटा हातपंप दाबून दाबून तिचा अंगठा दुखायला लागला, तरी डिझेलमध्ये बुडबुडे येतच होते. कुठूनतरी हवा आत शिरत होती. तो गाडीखाली आडवा झाला, डोळे मिटले आणि म्हणाला, परत दाबा... सावकाश. मग टाकीजवळच्या एका नळीवर त्याने बोट ठेवलं.

"इथे. अगदी बारीक शीळ येतेय."

ती सरपटत आत गेली. नळीला केसाएवढी चीर होती. एवढ्याशा जागेत दोघांचे चेहरे फारच जवळ आले होते. तिने त्याचं बोट बाजूला केलं... जरा जास्तच सावकाश.

नवी नळी बसली. पंप दाबताना घट्ट लागला, म्हणजे हवा गेली होती. त्याने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, त्याने पांढरा धूर ओकला आणि ते धडधडत चालू झालं. वडिलांनी टाळ्या पिटल्या. तोही हसला, पण हसू लगेच ओसरलं.

"वाटेत बंद नाही ना पडणार?"

"नाही. नळी मी लावलीय."

"मग तुम्हाला बोलवायला... काही निमित्तच उरलं नाही."

तिने हात पुसले. आढेवेढे घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. रविवारी माझं गॅरेज बंद असतं, ती म्हणाली, पहिला मुक्काम कुठे ते सांगा, मी येते.

"नळी बघायला?"

"नळी ठीक आहे. तुम्हाला भेटायला."

त्याचे कान लाल झाले. "मग... 'तुला' म्हण ना."

"तुला भेटायला," ती म्हणाली. म्हणून पाहिलं, आणि तिला ते आवडलं.

रविवारी त्याने सांगितलेल्या नदीपलीकडच्या गावाजवळ ती पोहोचली तेव्हा तो रस्त्याच्या कडेला उभा होता. वेळ विचारायचीच राहिली होती, म्हणून सकाळपासून. ती गाडीतून उतरते न उतरते तोच त्याने घाईघाईने सांगून टाकलं, की ती त्याला फार आवडते, आणि यापुढे तो जवळपासचीच कामं घेणार आहे, तिला येणं सोपं पडावं म्हणून.

"तसलं काही करू नकोस," ती म्हणाली. "जिथे जायचं तिथे जा. गाडी मलाही चालवता येते."

आणि तिने त्याचा हात हातात घेतला.