केळशेतची साडेसहाची बस

केळशेतहून सकाळी तालुक्याला तीन बस सुटत: सातला, सात वीसला आणि सात चाळीसला. तिन्हींच्या पाटीवर ‘जागा नाही’ असं झळकायचं, आणि आत मात्र खुशाल पाय पसरून बसावं इतकी जागा. सहावीतल्या शाल्मलीला याचं कधी नवल वाटलं नव्हतं. पण सोमवारी तालुक्याहून संध्याकाळी येणारी साडेसहाची बस सध्यापुरती बंद झाली आणि तिची आई घरी यायची थांबली.

आई तालुक्याच्या दवाखान्यात परिचारिका होती. सहाला सुटी, आणि पुढे गावाला यायला काहीच नाही. मग तिने तिथेच मावशीकडे मुक्काम टाकला. पुढच्या महिन्यापासून ती बस कायमचीच बंद, अशी सूचनाही थांब्यावर लागली.

गुरुवारी तालुक्यातली शाळा सुटल्यावर शाल्मली तडक बस आगारात गेली. तिथे चौकशीच्या खिडकीत एक यंत्रमानव बसायचा. सगळे त्याला रंगराव म्हणत.

“आमची बस का बंद केली?” तिने विचारलं.

“वीज पुरत नाही, बाळ,” रंगराव म्हणाले. “छपरावरच्या सौरपट्ट्या (उन्हापासून वीज करणारे तक्ते) रोज ठरावीकच वीज देतात. तुमच्या गावाला जाता-येता घाट चढायचा. सकाळच्या तीन आणि पाचच्या परतीच्या बसमध्येच सगळी वीज संपते.”

“मग तीन कशाला पाठवता?”

“मागणी आहे ना. रोज एकशे अकरा जागा राखून ठेवलेल्या असतात. पण भारमान (बसमधल्या किती जागा खरोखर भरल्या त्याचं प्रमाण) पाहिलं, तर माणसं सदतीसच. उरलेली चौऱ्याहत्तर कुठे जातात, हे चार महिने मला उलगडलेलं नाही.” एवढं हुशार यंत्र, पण बिचारं ओशाळल्यासारखं बोललं.

शाल्मलीचा चेहरा उतरला. तिला माहीत होतं.

केळशेतकरांचे आजे-पणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत. नातवंडांनी तीच सवय फोनवर नेली. हाताशी असू दे म्हणून प्रत्येक जण तिन्ही बसमध्ये जागा धरायचा आणि जी मिळेल तिने जायचा. शाल्मलीच्या घरात हे काम तिच्याकडेच होतं.

“ती माणसं नाहीतच,” ती हळूच म्हणाली. “आम्हीच प्रत्येकी तीनदा जागा धरतो. एखादी बस चुकली तर काय, म्हणून.”

रंगरावांच्या डोळ्यांतले दिवे लुकलुकले. “सदतीस त्रिक एकशे अकरा,” ते म्हणाले. “हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

“म्हणजे आईची बस माझ्यामुळे बंद पडली?”

“सगळ्यांमुळे थोडी थोडी. आणि माझ्यामुळेही, मी माणसं न बघता आकडे बघत बसलो. आता नीट ऐक. बसमध्ये तीन माणसं असोत की तीस, घाट चढायला वीज साधारण तेवढीच लागते, कारण बहुतेक वजन बसचंच असतं. तीस जण बसले तर ती वीज तीस जणांत वाटली जाते. तीनच बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला दहापट. बस धूर सोडत नाही, तेवढ्याने भागत नाही. ती भरलेलीही हवी.”

“आमच्या सदतीस जणांना एकच बस पुरेल,” शाल्मली म्हणाली. “पण ती चुकली तर?”

“साडेसातला आठ जणांची छोटी गाडी पाठवतो. तिला फार थोडी वीज लागते, म्हणजे साडेसहाच्या बसलाही वीज उरेल. मग तर भीती नाही?”

शाल्मलीने तिथल्या तिथे फोन काढून घरच्या जादा जागा सोडून दिल्या. पाचच्या बसने गावी आल्यावर संध्याकाळी बाबांना घेऊन ती घरोघर फिरली. दामूकाका म्हणाले, “छोटी गाडी नाही आली तर तुझ्या नावाने शंख करीन हो.” पण जागा त्यांनीही सोडल्या. शुक्रवारी सातची बस जवळजवळ भरून गेली. ती चुकलेले तीन जण छोट्या गाडीने शाळा-कचेरीला वेळेवर पोचले. स्वतः दामूकाका त्यांत होते.

त्या संध्याकाळी सव्वासातला घाटाच्या वळणावर दिवे दिसले. बस थांब्याला लागली. आधी पाच-सहा माणसं उतरली आणि मग आई. चार दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं शाल्मलीला वाटलं. ती आईला बिलगली आणि रडली, अगदी थांब्यावर सगळ्यांदेखत.

“रंगरावांनी तुला शनिवारी बोलावलंय,” आई म्हणाली. “घाटातल्या आणखी दोन गावांचं गणित तुझ्याकडून तपासून हवंय त्यांना.”

शाल्मलीने डोळे पुसले. “जाईन. पण तू सोमवारी किती वाजता येशील?”

“रोज याच वेळेला,” आई म्हणाली.