सूर्यास्ताआधी नऊ खेचरं

खाणीत कोंडलेली जखमी खेचरं ताब्यात घ्यायची आणि तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत खाणीच्या हद्दीबाहेर काढायची, असा न्यायालयाचा आदेश होता. तो बजावायला तिघं जण निघाले होते. त्यांपैकी ज्यांच्या नावाने आदेश निघाला होता, त्या तपासनीस बाई मनातून पुरत्या घाबरल्या होत्या.

प्राणी संरक्षण खात्यात त्यांनी बारा वर्षं काढली होती, पण ती सगळी खिडकीशेजारच्या टेबलामागे. तक्रारी वाचायच्या, कलमं लावायची, नोटिसा लिहायच्या. प्रत्यक्ष जागेवर जायचे ते साहेब. या वेळी साहेब जिन्यात पडून गुडघा मोडून बसले आणि आदेशावर बाईंचं नाव आलं. ज्याचं नाव, त्यानेच जायचं, असा नियम. निघताना सासूबाई नुसतं "जपून जा" म्हणाल्या, पण गाडी दिसेनाशी होईपर्यंत दारातून हलल्या नाहीत.

खाणीला सरळ रस्ता होता. खात्याची गाडी त्या रस्त्याने दोनदा जाऊनही आली होती. फाटकावरचा पहारेकरी शिट्टी मारायचा आणि गाडी आत पोचेपर्यंत चार धष्टपुष्ट खेचरं ताज्या वैरणीपुढे उभी असायची. बाकीची कुठे असतात, हे घोरपड्याने सांगितलं होतं. कड्याला चिकटून चढणाऱ्या या खेचरवाल्याला सगळे त्याच नावाने हाक मारत. दहा वर्षं त्याने त्या खाणीत दगड वाहिले. चालेनाशी झालेली खेचरं दरीत ढकलतात, हे एक दिवस त्याला बघवलं नाही. तो बोलला आणि त्याचं काम गेलं. जन्मल्यापासून हाताने वाढवलेलं त्याचं पांढरं खेचर मात्र मालकाने अडकवून ठेवलं. तक्रार त्याचीच होती. रस्ता होण्याआधी खेचरं ज्या वाटेने दगड घेऊन उतरत, ती मागच्या घळीतली वाटही त्यालाच ठाऊक होती.

तिसरे होते पशुवैद्य. निवृत्तीला चार महिने उरलेले डॉक्टर.

"डॉक्टर, मला उंचीची फार भीती वाटते," पहिल्याच चढावर बाईंनी सांगून टाकलं.

"मला घोड्यांची वाटायची," डॉक्टर म्हणाले. "नोकरीच्या पहिल्या दिवशीच लाथ खाल्ली. भीती काही गेली नाही, पण कुठे उभं राहायचं नाही ते कळलं."

पहिला दिवस घळीत गेला. दोन्ही बाजूंना काळे कातळ चढत गेलेले, वर आभाळाची एक चिंधी, आणि खाली गोल धोंड्यांतून घोंगावत जाणारं पाणी. बोललेलं ऐकू येत नव्हतं. पाणी गुडघ्यापर्यंतच होतं, पण ओढ अशी होती की प्रत्येक पाऊल टाकताना बाईंना वाटे, हे आता उचललंच जाणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वर कुठेतरी पाऊस झाला असावा. पाण्याचा रंग बदललेला घोरपड्याने पाहिला.

"वर चढा. बोलू नका, चढा."

ते चढले. पायाखालची धोंड हलली. डॉक्टर घसरले! घोरपड्याने त्यांची बंडी धरली, पण खांद्यावरची पिशवी निसटली आणि गढूळ लोंढ्यात दिसेनाशी झाली. त्या पिशवीत कॅमेरा होता. पुराव्याचे फोटो आता निघणार नव्हते. लोंढा ओसरेपर्यंत तिघं एका कपारीत दाटीवाटीने बसून राहिले. परत फिरू या, हे शब्द बाईंच्या जिभेवर आले होते. पण मागची वाट पाण्याखाली होती, तेव्हा ते बोलण्यात काही अर्थ उरला नव्हता.

तिसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास खाणीचा हद्दीचा दगड लागला. त्याच्यापुढे कड्यावरची वाट सुरू होत होती.

एका बाजूला ओला कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मध्ये दोन हात रुंदीची पट्टी, ती कड्याला वळसा घालून धुक्यात शिरली होती. दरी दिसत नव्हती. पण खालून गार वारा येत होता, आणि त्यावरूनच खोली कळत होती. पुढे बाई चालत गेल्या असं म्हणणं खोटं ठरेल. कातळाला गाल लावून, डोळे मिटून, घोरपड्याच्या खांद्यावर हात ठेवून त्या सरकत गेल्या. पाव कोसाला अडीच तास लागले. पलीकडे पोचल्यावर त्यांना उलटी झाली.

दुपारचे तीन वाजले होते.

घोरपड्याने त्यांना स्फोटकांच्या कोठीमागून एका जुन्या बोगद्याशी नेलं. तोंडाला फळ्या ठोकल्या होत्या. दोन फळ्या काढल्यावर आतून जो वास आला, त्याने डॉक्टरांनीही नाकाला रुमाल लावला. बॅटरीच्या उजेडात आधी डोळे चमकले, मग हळूहळू आकार दिसले. नऊ खेचरं. पाठीवर खोगिराच्या जागी तळहाताएवढे उघडे व्रण, गुडघे सुजलेले, खूर वाढून वाकडे झालेले. माणसं पाहूनही त्यांतल्या एकानेही कान हलवला नाही. सगळ्यांत मागे पांढरं खेचर भिंतीला टेकून पडलं होतं. घोरपड्या त्याच्यापाशी जाऊन बसला. त्याने मानेखाली हात घातला, तेव्हा खेचराने नाकपुड्या फुलवून त्याचा हात हुंगला.

"दाजी, तुम्ही?"

बोगद्याच्या तोंडाशी खाणीचा मुकादम उभा होता. घोरपड्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. मागे चार माणसं, हातात पहारी.

"मीच," घोरपड्या म्हणाला. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"ताईचा तरी विचार करायचा. मालकाला कळलं तर माझी नोकरी जाईल, आणि तुमची हाडं."

बाईंनी आदेश बाहेर काढला. कागद एवढा थरथरत होता की अक्षरं नाचू लागली. शेवटी त्यांनी तो खाली धरला आणि तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. कलमं त्यांना पाठ होती. बारा वर्षं दुसरं केलं काय होतं? आवाज बारीक निघाला, मध्येच फुटला, पण शेवटपर्यंत गेला. पहारीवाल्यांपैकी एकाने पहार जमिनीला टेकवली.

मुकादमाने शांतपणे ऐकून घेतलं. "घेऊन जा की. आम्ही कोण अडवणार? फक्त फाटकाला कुलूप आहे आणि किल्ली मालकाकडे. ते उद्या येतील."

उद्या आदेश म्हणजे कागदाचा बोळा होता. आज सूर्य मावळल्यावर खेचरं इथेच राहणार, आणि त्यांचं पुढे काय होणार हे त्या पडलेल्या खेचराकडे पाहून कुणालाही कळलं असतं. बाहेर निघायची दुसरी एकच वाट होती.

"आपण आलो तसेच जाऊ," बाई म्हणाल्या. आपणच हे बोललो, यावर त्यांचा विश्वास बसेना.

डॉक्टरांनी एकेक खेचर तपासलं. "आठ चालतील, रडतखडत का होईना. पांढरं उठणार नाही. निदान आज नाही."

"मग मी पण इथेच राहतो," घोरपड्या म्हणाला.

"तुम्ही राहिलात तर पुढे वाट कोण दाखवणार?" बाई म्हणाल्या. मग त्यांनी कायद्याच्या पुस्तकाचं एक पान मनात उलटलं, पुन्हा उलटलं आणि त्या मुकादमाकडे वळल्या. "तुमचं पूर्ण नाव सांगा."

"कशाला?"

"हलवता न येणारं जनावर जागेवर जप्त करता येतं. डॉक्टर तसा दाखला देतील. ते मी तुमच्या ताब्यात देते आहे, सुपूर्दनाम्यावर तुमची सही घेऊन. या क्षणापासून ते मालकाचं नाही, न्यायालयाचं आहे. चारा, पाणी, औषध तुम्ही करायचं. ते मेलं, हरवलं किंवा दरीत गेलं, तर न्यायाधीश मालकाला विचारणार नाहीत. तुम्हाला विचारतील."

"मी सही केली नाही तर?"

"तर तसं लिहीन. या चौघांसमोर."

मुकादमाने चौघांकडे पाहिलं. चौघांनी दुसरीकडे पाहिलं. शेवटी त्याने पेन घेऊन सही केली.

घोरपड्याने पांढऱ्या खेचराच्या कानात काहीतरी सांगितलं, मग तो उठला आणि मागे न पाहता चालू लागला.

धुकं निवळलं होतं. आता दरी दिसत होती, तळातल्या पाण्याच्या रेघेपर्यंत सगळी. सात खेचरं एकामागे एक चालली होती; घोरपड्या त्यांच्या पुढे, मध्ये डॉक्टर, शेवटी बाई. त्यांच्या हातात एका तांबूस खेचराचा दोर होता. त्याचा दरीकडचा डोळा गेलेला होता, म्हणून की काय, ते इतरांएवढं बिचकत नव्हतं. बाईंनी त्याच्या उरलेल्या डोळ्यासारखं फक्त कातळाकडे पाहायचं ठरवलं. एक पाऊल. मग पुढचं. खुरांखालून सुटलेले खडे खाली जात, पण त्यांचा आवाज परत येत नव्हता.

वळणावर वाटेची कड तुटली. तांबूस खेचराचा मागचा पाय खाली गेला! दोराला हिसका बसला. बाई गुडघ्यांवर आपटल्या आणि दरीच्या दिशेने खेचल्या जाऊ लागल्या.

"दोर सोडा," डॉक्टर ओरडले. "बाई, सोडा तो."

त्यांनी सोडला नाही. नंतर लोकांनी त्याला धाडस म्हटलं, पण खरी गोष्ट अशी की भीतीने त्यांची मूठच उघडेना. त्यांचा पाय कातळातल्या खोबणीत अडकला. दोर ताणला गेला. खेचराने मान लांबवली, पुढच्या खुरांनी दगड ओरबाडला, एकदा, दोनदा, आणि ते फुरफुरत वर आलं. त्याचं डोकं बाईंच्या छातीवर आदळलं. बाईंच्या तळहाताची साल दोराला चिकटून निघाली होती.

"चालता येईल?" डॉक्टरांनी पुढून विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या, आणि उठल्या.

शेवटचं खेचर हद्दीच्या दगडापलीकडे गेलं, तेव्हा समोरच्या कड्यावर सूर्य बोटभर उरला होता. डॉक्टरांनी आठ वेळा मोजून आठ लिहिले. घोरपड्या एकटाच मागे वळून उभा होता.

घळ उतरून जनावरं दवाखान्यात पोचवायला दोन दिवस गेले. नवीन आदेश घेऊन गाडी फाटकातून आत शिरली ती जप्तीपासून पाचव्या दिवशी. आत काय बघायला मिळेल या विचारात बाईंनी वाटेत सुपूर्दनाम्याची घडी पुन्हा पुन्हा उघडून पाहिली.

बोगद्याच्या फळ्या सगळ्या काढलेल्या होत्या. पांढरं खेचर बाहेर उन्हात पोत्यांच्या जाड थरावर पडलेलं होतं आणि संथपणे वैरण चावत होतं. पाण्याची बादली शेजारी. मुकादम तिथेच दगडावर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"मालक आले होते," तो घोरपड्याला म्हणाला. "म्हणाले, ढकल दरीत, मी बघून घेतो. दाजी, मी त्यांना म्हटलं, तुम्ही काय बघणार, सही माझी आहे." तो थोडा थांबला. "कामावरून काढलं त्यांनी. मग वाटलं, आता जायचं तरी कुठे? बसलो इथेच."

घोरपड्याने मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून खेचराच्या पोटाखाली दोर घातला. पहिल्या खेपेला ते उठलं नाही. दुसऱ्या खेपेला चार पायांवर उभं राहिलं.