नंबराआधीचं शून्य

हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. माझ्यासमोर घडलं आहे.

आणि रात्री नाही. शुक्रवार, ७ एप्रिल १९८९. दुपारचे दोन.

एकोडीजवळच्या आमच्या गावात मी टेलिफोन ऑपरेटर. बी.एस्सी., विषय फिजिक्स. भुतांवर वाद घालायची ताकद आता माझ्यात नाही. घडलं तेवढं लिहिते.

जानेवारीपर्यंत गावात दोन आकडी नंबर होते. सुलोचनाबाईंच्या किराणा दुकानाचा सतरा. त्यांचा मुलगा तेजराम मस्कतला गवंडी. शुक्रवारी त्याची सुट्टी. बरोबर दोनला माझ्या बोर्डावरची, बाहेरगावच्या ट्रंक लाइनची पितळी पट्टी खट् करून पडायची. गावाचं नाव आणि "सतरा" एवढंच पलीकडून यायचं. मी जोडून द्यायची.

मग आपोआप जोडणारं नवं यंत्र आलं. जुन्या बोर्डाच्या वायरी कापून तो कोपऱ्यात ठेवला. नंबर लांबलचक झाला.

"पोरी, तेजरामले नवा नंबर लिहून दे वं."

मी लिहून दिला. भारताचा ९१, मग शून्य, मग बाकीचे आकडे.

फोन यायचे बंद झाले.

"नंबर बदलला तं पोरगाबी बदलला का वं?" सुलोचनाबाई हसत विचारायच्या. दर शुक्रवारी. नंतर हसणं थांबलं.

मार्चमध्ये तार आली. तेजराम बांधकामाच्या परांचीवरून पडून वारला होता.

दहा दिवसांनी त्याचं जुनं पत्र पोचलं. मीच वाचून दाखवलं. 'आई, दर शुक्रवारी लावतो. लागत नाही.'

त्या रात्री मी नियमांचं पुस्तक काढलं. ते शून्य फक्त देशातल्या देशात लावायचं. बाहेरून ९१ लावलं की गाळायचं. काही देशांत असं शून्यच नसतं, तेजरामला ते गाळायचं कसं कळणार?

चूक माझी होती. सुलोचनाबाईंना सांगितलं नाही.

आणि ७ एप्रिलला...

खट्.

कोपऱ्यातल्या बोर्डावरची पट्टी पडली होती.

वायरी तपासल्या. कापलेल्याच. मीटर लावला. सुई हलली नाही.

हेडफोन कानाला लावला. आधी नुसता वारा... मग एक दमलेला आवाज.

"नऊ... एक... शून्य..."

थांबला. पुन्हा पहिल्यापासून.

१४ तारखेला तेच. २१ ला तेच. रागावलेला नव्हता तो आवाज. फक्त दमलेला.

२८ तारखेला मी बोलले. "तेजरामभाऊ, शून्य काढा. मी चुकीचं लिहिलं होतं."

वारा थांबला.

"नऊ... एक..." शून्याच्या जागी एक श्वास. मग बाकीचे आकडे, सगळे.

आणि रस्त्यापलीकडे, दुकानात, घंटी वाजली.

मी धावले. सुलोचनाबाई रिसीव्हर छातीशी धरून पोत्यावर बसल्या होत्या.

"कोण होतं, बाई?"

"जेवली का म्हने. जेवली म्हटलं." मग माझ्याकडे पाहिलं. "अन् म्हने, आई, त्या फोनवाल्या बाईवर राग नको करजो."

मी त्यांच्या हातातला रिसीव्हर घेऊन जागेवर ठेवला.

"कायचा राग वं, पोरी?"

पट्टी त्यानंतर पडलेली नाही. शुक्रवारी दोनला मी तिच्याकडे बघत बसते. सुलोचनाबाई अजून अधूनमधून विचारतात, कायचा राग होता.

मी अजून सांगितलेलं नाही.