खिळ्यावरची वायर

"माझी घंटा मुद्दाम बिघडवलीय," दारातूनच विनी किट्रिज म्हणाली. "आणि कुणी, तेही मला ठाऊक आहे. शेजारच्या ड्वाइटने! उद्यापासून तो माझ्या मेपलच्या रानात पाऊल टाकणार नाही."

लॉरेन टाट्रोने कप खाली ठेवला. शहरात आयुष्यभर खासगी तपासाचं काम करून ती व्हरमाँटला परतली होती. तिचा दीर एमेट तिची गाडी चालवी आणि चुकीचे अंदाज बांधी.

"ऑल्डनच्या शवपेटीला खांदा देणारा ड्वाइट?" एमेटने विचारलं.

"तोच. त्याला माझं रान विकत हवंय."

बर्फ वितळू लागलं होतं. सकाळी मेपलच्या झाडांतून रस वाहू लागणार होता; तो आटवून पाक करायचा. कढईतल्या रसाची पातळी फार खाली उतरली की वाजणारी घंटा विनीच्या नवऱ्याने, ऑल्डनने, मरण्याआधी एका इवल्याशा इलेक्ट्रॉनिक बोर्डावर बनवली होती. यंदाची कढई नवी, जास्त खोल. नवी पातळी कॉम्प्युटरवरून बोर्डात भरली नाही, तर कढई करपणार.

विनीच्या रस आटवायच्या भट्टीघरात वर्षानुवर्षांच्या वाफेने सगळं चिकट झालं होतं. झारा, थर्मामीटर, स्टूल, सगळ्यांवर निळी पट्टी.

"ऑल्डनची खूण," विनी म्हणाली. "त्याची एकही वस्तू पट्टीशिवाय नाही."

पुतण्या कोल्बी कॉम्प्युटरसमोर घामाघूम बसला होता. "काकू, रविवारी सगळं चालत होतं! आता बोर्डावरचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नाही. बंद-चालू केला, प्रोग्रॅम पुन्हा टाकला, कॉम्प्युटरची वायर लावायची खाच बदलली."

"वायर?" लॉरेनने विचारलं.

"तीच की. या खिळ्यावरची."

एमेटने ती आपल्या फोनला लावली. "चार्ज होतोय! वायर ठणठणीत आहे, वहिनी. बोर्डच मेला."

लॉरेनने वायर बोटांवर गुंडाळली, सोडली. हात पुसावा लागला नाही.

तेवढ्यात ड्वाइट आला. कपाळावर झगझगीत दिवा. विनीने तोंड फिरवलं.

"या आठवड्यात इथे आला होतास?" लॉरेनने विचारलं.

"मंगळवारी. झाडांपासून रस आणणाऱ्या नळ्या तपासल्या."

"बोर्डाला हात लावलास?"

"बोर्डाला? नाही." त्याचा हात कोटाच्या खिशात गेला.

"दिवा छान आहे."

"नवाय. जुना आमच्या डचेसने चावला. कुत्री कसली, घूस आहे."

लॉरेन हसली. "एमेट, फोटो कॉम्प्युटरवर घेतोस ती कॅमेऱ्याची वायर गाडीतून आण."

ती वायर जोडताच कॉम्प्युटर 'टिंग' वाजला.

"दिसला!" कोल्बी ओरडला.

"दिवा लागत होता, म्हणजे वीज पोचत होती," लॉरेन म्हणाली. "पण काही वायरी फक्त वीज नेतात, निरोप नेत नाहीत. एमेटच्या फोनला तेवढंच हवं होतं. रविवारी काम झालं, म्हणजे तेव्हा वायर वेगळी होती. खिळ्यावरच्या वायरीला ना पट्टी, ना चिकटपणा. ती नव्या दिव्याबरोबर आलेली. ड्वाइट, जुना दिवा चार्ज करायला तू ऑल्डनची वायर घरी नेलीस. डचेसने दोन्ही चावून ठेवलं. मग आपल्याकडे सगळे करतात तेच केलंस. नवी आणून गुपचूप जागेवर टांगलीस."

ड्वाइटने खिशातून चावलेली वायर काढली. टोकाला निळी पट्टी होती.

"सांगितलं असतं तर तू 'असू दे' म्हणाली असतीस," तो विनीला म्हणाला. "आणि आत जाऊन रडली असतीस. म्हणून ही जोडून बघत होतो."

"आणि मी तुला चोर ठरवत होते, गाढवा! तोंड कशाला दिलंय तुला?"

विनीने नखाने पट्टी हळूच सोडवली आणि एमेटच्या वायरीवर गुंडाळली.

"अगं, ती माझी—"

लॉरेनने त्याला कोपराने ढोसलं.

कोल्बीने नवी पातळी भरली. घंटा खणखणली. विनीने मेपलच्या हंगामात तिथे खातात ती डोनट आणि लोणच्यातल्या काकडीची बशी ड्वाइटपुढे सरकवली.

"खा. आणि पहाटे लवकर ये. भट्टी मी एकटी पेटवणार नाही."