ओट्यापुढची फळी

सर्रर्र... करत खण आपोआप उघडला आणि आमच्यातली शांतता मोडली.

घरमालकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. लाडावलेलं मांजर बाजूला सारावं, तसा कमरेच्या हलक्या धक्क्यानं त्यांनी तो बंद केला.

"जमीन उताराची आहे," ते म्हणाले.

"आणि तरी तुम्हाला सगळं जसंच्या तसं हवंय?"

"जसंच्या तसं. फक्त नवीन."

खरं तर त्या दिवशी मी तिथे जाणारच नव्हते. आमचं स्वयंपाकघरं आखून देणारं छोटंसं दुकान. सहकाऱ्याचा पाय मुरगळला आणि ते घर माझ्या गळ्यात पडलं. मापं घ्यायची, रंग विचारायचे आणि निघायचं. पण आमच्या धंद्यात ‘जसंच्या तसं’ इतकं फसवं दुसरं काही नाही. माणूस मागतो एक, त्याला हवं असतं भलतंच. ते न विचारता आखलं, की पुढे तोडफोड ठरलेली.

म्हणून मी खोदून विचारत राहिले. ओट्याशी कोण उभं राहतं? "मीच." भाजी कुठे चिरता? "खिडकीशी." चहाला साखर किती?

ते थबकले. "हेही नकाशात लागतं?"

"डबा कुठल्या कप्प्यात ठेवायचा ते ठरतं ना," मी म्हणाले. कान मात्र गरम झाले होते.

"दोन चमचे... आणि तुम्हाला?"

"माझ्या साखरेचं इथे काय काम!"

ते हसले. ठेवणीतल्या चपलेसारखं ते हसू चेहऱ्यावर नीट बसेना. फार दिवसांनी घातलं असावं.

तेवढ्यात मी ठेचकाळले. ओट्यापुढे जमिनीवर एक जाड लाकडी फळी होती. कडा खरखरीत, मधोमध झिजून गुळगुळीत. ते स्वतः मघापासून तिला वळसा घालून वावरत होते.

"ही कशाला?"

हसू मावळलं.

"माझी बायको... यावर उभी राहायची. ओटा मी माझ्या उंचीनं बांधून घेतला होता. तिला उंच पडायचा. ती कधी बोलली नाही आणि मी... मी विचारलं नाही." ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "आता विचारायला ती नाही."

माझ्या हातातली टेप सुर्रकन मिटली.

दाराच्या उंबऱ्यावर एक लहानगी बिस्कीट कुरतडत बसली होती. बाबा तिला खारूताई म्हणायचे. आई गेल्यापासून ती स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हती. जेवायचीसुद्धा तिथेच, उंबऱ्यावर.

"वाटलं, सगळं होतं तसंच राहिलं तर ती आत येईल," ते हळू आवाजात म्हणाले. "मला ओटा नकोय हो. ती आत यायला हवी."

हे खरं मागणं. इतका वेळ आम्ही नुसते कप्प्यांबद्दल बोलत होतो.

मी उंबऱ्यापाशी उकिडवी बसले. "खारूताई, तुला काय हवं गं इथे?"

तिनं आधी बाबांकडे पाहिलं. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं बहुधा.

"मला खालून काहीच दिसत नाही," ती म्हणाली. "नुसते आवाज येतात."

मी खिडकीखाली एक रुंद कट्टा आखला. तिथून शेगडीवरचं सगळं दिसेल, हात मात्र पोचणार नाही.

काम सुरू झालं. मी गरजेपेक्षा जरा जास्तच चकरा मारू लागले. खारूताईनं माझं नाव टेपमावशी ठेवलं. दुकानात सहकारी म्हणाला, "माझा पाय बरा झालाय. जाऊ का आता मी तिकडे?"

"घाई काय आहे? आराम कर," मी म्हणाले, आणि तो नको तितका हसला.

काम संपल्यावर तपासायला गेले, तर ओटा नकाशापेक्षा चार बोटं खाली!

"मिस्त्री, हे काय करून ठेवलंत?"

"माझ्यावर नका डाफरू, ताई. मालकांनीच सांगितलंय," म्हणत मिस्त्री हसत हसत हात धुवायला निघून गेले.

मी मालकांकडे वळले. "मला न विचारता माप बदललंत? आता वाकून वाकून कंबर धरेल तुमची!"

"धरू दे."

"अहो, पण मी विचारलं होतं ना, इथे कोण उभं राहणार—"

"विचारलं होतंत. मी अर्धंच सांगितलं... तेव्हा मला अर्धंच ठाऊक होतं." त्यांची बोटं ओट्याच्या कडेवर टेकली. "जरा उभ्या राहून बघता?"

मी उभी राहिले. कोपर, मनगट, कड... सगळं जिथल्या तिथे. खांदे वर चढले नाहीत, टाचा उचलाव्या लागल्या नाहीत.

"माझं माप... कधी घेतलंत?"

"तुम्ही खिडकीशी उभ्या राहून आखायचात, तेव्हा." त्यांनी आता थेट माझ्याकडे पाहिलं. "पण या वेळी नुसत्या मापावर भागवायचं नाही मला. विचारायचंय. तुम्हाला... काय हवंय?"

इतक्या घरांत हा प्रश्न मी विचारला होता. मला कुणी विचारला नव्हता.

"साखर एकच चमचा," मी म्हणाले.

त्यांनी तोंड फिरवलं, नवा खण उगाचच उघडला... आणि तो बंद करायचं विसरूनच गेले.

तेवढ्यात मागे पावलं वाजली. खारूताई उंबरा ओलांडून आली होती. आम्ही दोघं जागच्या जागी उभे राहिलो. ती कट्ट्यावर चढली, मांडी घालून बसली. तिनं शेगडी पाहिली. भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी फळी पाहिली. मग ओट्याशी उभ्या असलेल्या माझ्याकडे, पायांपासून डोक्यापर्यंत, नीट पाहिलं.

"टेपमावशी," तिनं विचारलं, "इथे माझी आई उभी राहिली असती, तर तिला फळी लागली असती का गं?"