चिंचपोकळीचे रिकामे गोदाम

शनिवारी सकाळी चिंचपोकळीच्या गोदामाची वरची खिडकी दुरुस्त करायला सुतार शिडीवर चढला आणि तिथूनच ओरडला, "अहो, आत काहीच नाही!"

हरताळाच्या दगडफेकीत ती खिडकी फुटली होती. खाली दाराला हितवर्धिनी बँकेचे कुलूप मात्र जसेच्या तसे. आत कापसाच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या असायला हव्या होत्या. एका शेटजींनी त्या तारण ठेवून बँकेकडून मोठे कर्ज उचलले होते.

बँकांची तपासणी करणारे सरकारी अधिकारी चिंतामणी कर्णिक निरोप मिळताच धावत आले. त्यांचा विश्वासच बसेना. याच सोमवारी त्यांनी आत उभे राहून त्या गाठी स्वतः मोजल्या होत्या. शेटजींचे तारणाचे दुसरे गोदाम कॉटन ग्रीनला. तेही त्याच दिवशी पाहायचे होते, पण बँकेचे मॅनेजर तात्या सबनीस म्हणाले, "तिथली किल्ली सापडत नाही. बुधवारी या, नवी करून ठेवतो." बुधवारी तेही गोदाम भरलेले निघाले. तिथल्या एका गाठीवर कुंकवाचा पंजा उमटला होता, एका बोटाने कमी. नीट उमटला नसेल, असे वाटून कर्णिक पुढे गेले होते.

गुरुवार-शुक्रवार संयुक्त महाराष्ट्रासाठी कडकडीत हरताळ. रस्त्यावर एक लॉरी नाही. मग गाठी गेल्या कशा?

"बँकेचा राखणदार लवू फितला," फौजदार म्हणाले. "तात्यांनी फिर्याद दिलीय. बुधवारी रात्रीच माल हलवला असणार. पण पठ्ठ्या तोंड उघडत नाही."

चौकीत लवू भिंतीला टेकून बसला होता. पन्नाशीचा, मालवणकडचा, पूर्वीचा गिरणी कामगार. उजव्या हाताची करंगळी यंत्रात गेलेली. कर्णिकांची नजर त्या हातावरच खिळली. त्यांनी फौजदारांना बाहेर थांबायला सांगितले.

"लवू, दसऱ्याला गाठींची पूजा केलीस?"

"व्हय. कुकवाचो हात मारलंय."

"कुठल्या गोदामात?"

"हयच, चिंचपोकळीक. कॉटन ग्रीनचा गोदाम मी बघूक पण नाय."

"मंगळवारी कुठे होतास?"

लवूने दाराकडे पाहिले. आवाज खाली आणला. "संयुक्त महाराष्ट्राच्या सभेक गेललंय. तात्यांनीच रजा दिल्यानी."

"याआधी कधी दिली होती?"

"चार वर्सां झाली, चतुर्थीक पण गावली नाय."

"मग फौजदारांना का नाही सांगितलंस?"

"सभेक बंदी होती, सायबा. सांगलंय तर आत टाकतले. नाय सांगलंय तरी आतच."

कर्णिक तिथून थेट लालबागला, बँकेत गेले. तात्या केबिनमध्ये एकटेच होते.

"तात्या, चोरी झालेलीच नाही. माल एकाच गोदामापुरता होता. सोमवारी मी तो चिंचपोकळीला पाहिला. कॉटन ग्रीनची किल्ली हरवली नव्हती. तुम्हाला फक्त मंगळवार हवा होता. लवूला रजा दिलीत, बँकेची किल्ली वापरून गाठी तिकडे हलवल्यात आणि बुधवारी मी त्याच पुन्हा मोजल्या. लवूचा पंजा आहे तिथे. गुरुवारी परत आणायच्या होत्या; हरताळानं लॉऱ्या अडवल्या. खिडकी फुटली, तेव्हा तुम्ही एका गरीब माणसाला चोर ठरवलंत."

तात्यांनी चष्मा काढला.

"अर्धा माल शेटजींनी गेल्या पावसाळ्यातच परस्पर विकला," ते म्हणाले. "मला कळलं तेव्हाच तुम्हाला कळवलं असतं, तर तुम्ही त्याच दिवशी बँकेला टाळं लावलं असतं. वाटलं, एक हंगाम काढू, भरून निघेल."

"आणि लवू?"

"तो एकटा होता, कर्णिकसाहेब. इथे अख्ख्या गिरणगावाची पुंजी आहे. महिनाभर थांबा. तुमच्या पाया पडतो."

"थांबलो तर ज्यांना आतून कुणकुण लागेल, ते आपले पैसे काढून नेतील. उरलेल्यांना काहीच राहणार नाही."

"आणि टाळं लावलंत तर?"

बँक बुडाली तर ठेवीदाराला भरपाई मिळेल, अशी कसलीच तरतूद कायद्यात नव्हती.

तात्यांना पोलिसांनी त्याच दुपारी नेले. शेटजी आधीच मुंबईबाहेर पसार झाले होते. सोमवारी सकाळी व्यवहार थांबवल्याची नोटीस कर्णिकांनी बँकेच्या दारावर चिकटवली. माणसे मागून ढकलत होती, वाचता येणाऱ्यांना विचारत होती. एक बाई कर्णिकांची बाही धरून लेकीच्या लग्नाची तारीख सांगत राहिली. ते नुसते मान हलवत होते.

रांगेत लवू होता. कालच सुटला होता.

"लवू, तुझेही पैसे इथेच?"

"सगळे हयच. कधी गावतले?"

"कोर्ट ठरवील. किती मिळतील, मिळतील की नाही, मला खरंच माहीत नाही. दार आज उघडणार नाही. घरी जा."

"म्हायत आसा," लवू म्हणाला.

पण त्याने रांग सोडली नाही.