टप नसलेली गाडी

त्या दुपारी माझ्या तोंडात सात-आठ चुका होत्या. चुका म्हणजे बारीक खिळे. आमच्या धंद्यात त्यांना हेच नाव आहे. एका हाताने कॅनव्हास ताणायचा, दुसऱ्याने हातोडी चालवायची, मग चुका धरायला तोंडच उरतं. अंबरनाथ स्टेशनबाहेर टांगेवाल्या गोमाच्या टांग्यावर चढून मी टप, म्हणजे वरचं कॅनव्हासचं छत, ठोकत होते, तेवढ्यात खालून कुणीतरी विचारलं, "मोटारीचा टप शिवता येईल का?"

मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाच कळलं नाही.

"बाई बोलत का नाय?" त्याने गोमाला विचारलं.

"तिच्या तोंडात चुका हायत."

"तोंडात बऱ्या," तो म्हणाला. "माझ्या तर हातून होतात."

मला हसू आलं आणि दोन चुका खाली पडल्या. त्याने त्या चिखलातून शोधल्या, सदऱ्याला पुसल्या आणि हात उंच करून मला दिल्या. बोटांना मशीनच्या तेलाचा वास होता.

त्याचं नाव महिपती. बदलापूरच्या पलीकडच्या गावचा, इथे फॅक्टरीत टर्नर. उल्हासनगरच्या कॅम्पात टेकचंद नावाच्या सिंधी व्यापाऱ्याकडे त्याने एक मोटार पाहिली होती. कुणा साहेबाने मायदेशी जाताना विकलेली, हिरवी, लांब नाकाची आणि पळायला वाऱ्यासारखी. टप फाटून गेलेला, म्हणून स्वस्त. घ्यायची की नाही, ते अजून ठरत नव्हतं. टपाचा खर्च कळला म्हणजे ठरवणार होता.

मी त्याला आमच्या दुकानात नेलं. टप शिवणाऱ्या बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपला नेहमीचा प्रश्न विचारला, "बसनार कोन कोन?" बसणाऱ्याला गाडीत बसवून डोक्यावरचं माप घेतल्याशिवाय बाबा कॅनव्हासला कात्री लावत नसत. टोपी, फेटा, अंबाडा, सगळं धरून माप.

"दोनच सीट हायत. एक मी, आनि शेजारी..." तो अडखळला. "ती... यांच्याएवढीच उंच असंल." माझ्याकडे न बघताच त्याने हात केला.

म्हणजे कुणीतरी होती. मला वाईट वाटलं. ओळख ती काय, चार मिनिटांची. तरी वाटलं.

मग तो दर शनिवारी फॅक्टरी सुटली की येऊ लागला. खाकी कॅनव्हास घ्यावा की काळा? खिडकी एक ठेवावी की दोन? प्रश्न संपले की स्टुलावर बसून राहायचा आणि माझ्या सुईकडे बघायचा. गाडी मात्र तिथेच, टेकचंदच्या शेडमध्ये.

"तुमचं ठरत का नाही?" एकदा मी विचारलंच.

"त्याच पैशात बदलापूरजवल कात्रपला खोलीपुरती जागा मिलते. आई म्हनते, जागा घे. सहा वर्षांनी जमलेत, पुन्हा लवकर काय जमायचे नाय."

"आणि ती काय म्हणते?"

"तिला अजून विचारलं नाय."

"मग विचारा की."

"विचारीन..." तो खाली बघून हसला. "आधी गाडी तर होऊ दे."

मला रागच आला. गाडी बघून हो म्हणणारी ती कसली मुलगी? पण शिवता शिवता माझंच मन त्या सीटवर जाऊन बसायचं. बारवीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी भातं, केसांत वारा... मग मी स्वतःलाच दटावायची. त्याने गाडी घेतली तर ती शेजारी बसणार. नाही घेतली तर टपाची गोष्टच संपली, तो पुन्हा येणार कशाला? दोन्हीकडून नुकसान माझंच होतं.

गणपती गेल्यावरच्या रविवारी आम्ही गोमाच्या टांग्यातून कॅम्पात गेलो. "साईं, पहले पापड-पानी, फिर धंधा," म्हणत टेकचंदने बाबांना पडवीतल्या बाजेवर बसवलं. बाबांची नजर हल्ली कमी झालेली, म्हणून मापं घ्यायला त्यांनी मला पाठवलं.

शेडच्या पत्र्यावर भुरभुर पाऊस वाजत होता. गाडी खरंच देखणी होती, मत्सर वाटावा अशी. "बसा," महिपती म्हणाला. मी बसले. सीट इतकी खाली की पाटावर बसल्यासारखं वाटावं, आणि इतकी अरुंद की त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकला. टेपचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या.

"तिच्या अंबाड्याला किती सोडू?" मी कोरडेपणाने विचारलं.

"वेणी घालते ती."

"आणि फुलं?"

"अबोली... कधी कधी."

त्या दिवशी माझ्या वेणीत अबोलीच होती, पण तेव्हा माझी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे. मी 'वेणी' एवढंच लिहून घेतलं आणि मागच्या बाजूला गेले. टप जिथे ठोकायचा तिथे लाकडी चौकट होती, वरून ताजा रंग. मी सवयीने त्यात भोकं पाडायची आरी टोचली. ती मुठीपर्यंत आत गेली. लोण्यात जावी तशी. दुसरीकडे टोचली, तिथेही तेच. दाराखालीही तेच.

मी आरी हातात धरून उभी राहिले. गप्प बसले असते तर टप एक पावसाळा निभावला असता. तो गाडी घेऊन दुरुस्तीला येत राहिला असता, आणि मला तेवढं पुरलं असतं. पण सहा वर्षांची त्याची कमाई, आणि शेजारी ती, कोण असेल ती. तिने बिचारीने काय केलं होतं?

"घेऊ नका," मी म्हणाले.

"काय?"

"आतलं लाकूड कुजलंय. चूक धरणार नाही, टप राहणार नाही. वर्षभरात दारं गळून पडतील. जागा घ्या कात्रपला. ती शहाणी असेल तर तिला खोलीच आवडेल."

त्याने स्वतः आरी टोचून पाहिली. तोंड अगदी उतरलं. "मग मी येऊ कशाला?" तो म्हणाला.

"कुठे?"

"तुमच्या दुकानात. माझ्याकडं टांगा नाय, घोडा नाय. टपवाल्याकडं मानूस कशाला येनार? मे महिन्यापासून स्टेशनवरून जाताना बघत होतो तुम्हाला... पन बोलायचं काय? मग ही गाडी दिसली. टप नसलेली. म्हटलं, हिलाच घेऊन टाकू."

पत्र्यावरचा पाऊस मला एकदम मोठ्याने ऐकू येऊ लागला. माझ्याशी चार शब्द बोलायला कारण हवं, म्हणून हा माणूस अख्खी मोटार घ्यायला निघाला होता. मला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले.

"नुसतं विचारायचं होतंत," मी म्हणाले.

"विचारतो." त्याने आरी परत माझ्या हातात दिली, पण मूठ सोडली नाही. "गाडी नाय. जागा अजून घेतलेली नाय. आई आनि मी. तरी... याल?"

"येईन." मी म्हणाले.

"काशे," बाहेरून बाबांनी हाक मारली, "झालं का माप?"

मी पदर सावरून बाहेर आले. तो मागे उभा. टेकचंद आशेने बघत होता.

"टप शिवायचा नाही, बाबा. गाडी कुजकी आहे, ते घेत नाहीत." मग एका दमात म्हणून टाकलं, "पण पुढच्या रविवारी त्यांना आपल्याकडे जेवायला बोलवा."

बाबांनी हातातला पापड मोडला. डोळे बारीक करून महिपतीला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"आईला घेऊन ये," ते त्याला म्हणाले.